पाइपातली घुरघुर: पीटरसन सिस्टीम, फाल्कन, बाल्सा आणि मक्याचं बुरकुंड

गुडगुडी ओढताना पाणी वाजलं नाही, तर ती भरायची राहिली असं समजायचं. तंबाखूच्या पाइपाचं उलट आहे. अर्धा बाउल (तंबाखू भरायची वाटी) संपल्यावर मानेतून (बाउल आणि तोंडात धरायची नळी यांच्या मधल्या भागातून) घुरघुर ऐकू आली, की पुढच्या दोन झुरक्यांत कडू, तपकिरी पाणी जिभेवर येणार हे ठरलेलं. हे पाणी आणि त्यासोबतची पोळणारी वाफ कमी करतो असं सांगून शंभराहून जास्त वर्षं तऱ्हेतऱ्हेचे पाइप, फिल्टर आणि खडे विकले जात आहेत. त्यातले जे आजही सहज मागवता येतात ते नेमकं काय करतात, कुठे फसतात आणि कोणासाठी पैसे वसूल आहेत, ते इथे पाहू.

जाहिराती वाचण्याआधी पाणी येतं कुठून ते बघावं. एका मध्यम बाउलमध्ये साधारण अडीच ग्रॅम तंबाखू मावते. डब्यातून नुकत्याच काढलेल्या तंबाखूत १८ टक्के ओल धरली, तर आत साडेचारशे मिलिग्रॅम पाणी आधीच आहे. पण गोष्ट इथे संपत नाही. वनस्पतीचा कुठलाही भाग जळताना नवं पाणी तयार होतं. शुद्ध सेल्युलोज एक ग्रॅम पूर्ण जळला, तर सुमारे ०.५५ ग्रॅम पाणी निघतं. तंबाखूतला सुका भाग दोन ग्रॅम आणि त्यातला निम्माच नीट जळला असं धरलं, तरी आणखी अर्धा ग्रॅम होतो. म्हणजे एका बाउलमागे साधारण एक ग्रॅम, थेंबांत मोजलं तर वीसेक थेंब. यातलं बरंचसं धुरासोबत वाफ होऊन निघून जातं. उरलेलं गार भिंत भेटली की तिथेच जमतं. तंबाखू कितीही सुकवा, पाइप पूर्ण कोरडा राहणार नाही. म्हणून कुठल्याही यंत्रणेला एकच प्रश्न विचारावा: हे पाणी ती नेऊन कुठे ठेवते, आणि तिथून ते काढायला किती सोपं आहे?

उष्णतेचंही तेच. इडलीपात्राचं झाकण उघडताना हात भाजतो, पण त्याहून गरम तव्याच्या वरून, न टेकवता हात फिरवला तर लगेच काही होत नाही. वाफ कातडीवर पाणी होते तेव्हा स्वतःतली उष्णता तिथेच सोडते. जीभ पोळते ती मुख्यतः अशी. साखर जास्त असलेली व्हर्जिनिया तंबाखू भराभर ओढली, तर हा त्रास सगळ्यात आधी होतो.

पीटरसन सिस्टीम

डब्लिनच्या पीटरसन कंपनीचा हा पाइप या विषयातला सगळ्यांत जुना आणि अजूनही चालू असलेला इलाज आहे. लाटव्हियातून आलेला कारागीर चार्ल्स पीटरसन याने कॅप बंधूंच्या दुकानात काम करताना १८९० साली त्याचं पेटंट घेतलं. १८९८ मध्ये त्याने तोंडाकडच्या टोकाचं, म्हणजे पी-लिपचं, वेगळं पेटंट घेतलं. आजच्या सिस्टीम स्टँडर्ड या मॉडेलमध्येही तीच दोन कलमं आहेत.

पहिलं म्हणजे मानेतला हौद. बाउलच्या तळातून निघालेलं अरुंद भोक मानेत वरच्या बाजूला उघडतं आणि त्याच्या खाली एक खोलगट विहीर कोरलेली असते. अरुंद वाटेने आलेला धूर या मोकळ्या जागेत आल्यावर पसरतो आणि मंदावतो. जड, ओला भाग खाली पडतो आणि धूर वरून नळीत शिरतो. नळीचं भोकही बुडाशी रुंद आणि ओठांकडे अरुंद होत जातं. त्यामुळे नळीत काही जमलंच तर ते परत हौदाकडे ओघळतं. हे काम करण्यासाठी पाइप वाकडाच हवा आणि बाउल खालीच लोंबता हवा. सोफ्यावर आडवं पडून सिस्टीम ओढणाऱ्याचा हौद उलटा होतो आणि सगळी करामत तोंडात येते.

दुसरं कलम पी-लिप. साध्या नळीचं भोक सरळ जिभेच्या टोकावर उघडतं. पी-लिपचं भोक वर टाळूकडे उघडतं आणि खालचा भाग जिभेला टेकायला फळीसारखा राहतो. ज्यांना ओलीपेक्षा जीभ चरचरण्याचाच त्रास आहे, त्यांच्यासाठी या पाइपातला खरा फायदा हा आहे, हौद नव्हे. मात्र धूर सतत टाळूवर एकाच जागी बसतो, आणि काहींना ती जागा हुळहुळल्यासारखी वाटते. आता बऱ्याच मॉडेलांत साध्या टोकाची नळीही मिळते. सिस्टीम घ्यायचीच असेल तर पी-लिपचीच घ्यावी. साध्या टोकाने निम्मी किंमत वाया जाते.

तक्रारी आहेत, आणि त्या बहुतेक एकाच जागी येऊन थांबतात. हौद पुसायचा असतो हे लोक विसरतात. हौदात दहा-बारा थेंब मावतात, पण ते आपोआप कुठे जात नाहीत. तीन-चार बाउल न पुसता ओढले, की डांबरासारखा थर बसतो आणि पाइप आंबट लागू लागतो. मग दोष ब्रायरला, म्हणजे पाइपाच्या लाकडाला, दिला जातो. उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. मान धातूच्या कड्यात बसवलेली असते आणि नळी नुसती दाबून बसते, त्यामुळे पाइप गरम असतानाही नळी काढता येते. साध्या, लाकडात घट्ट बसणाऱ्या खुंटीच्या पाइपाला हे चालत नाही. गरमपणी ती ओढली तर खुंटी तुटते किंवा बसण सैल होते. सिस्टीमची नळी काढावी, पाइप बाहेर झटकावा, टिश्यूचा तुकडा पिळून वातीसारखा करावा आणि हौदात फिरवून काढावा. वात तपकिरी यायची थांबेपर्यंत हे करावं, साधारण दोन वाती लागतात.

दुसरी खोट कमी बोलली जाते. सिस्टीममध्ये नळी लावलेली असताना पाइप क्लीनर, म्हणजे सफाईसाठी आत घालायची केसाळ तार, बाउलपर्यंत पोचत नाही. तो मानेत उतरतो आणि हौदात जाऊन बसतो. म्हणून मधेच घुरघुर सुरू झाली, तर क्लीनर घालून हौदातलं पाणी टिपता येतं, पण बाउलच्या तळाचं बुजलेलं भोक मोकळं करायला नळी काढावीच लागते. विकत घेताना दुकानात नळी काढून आत डोकवावं. वरचं भोक हौदाच्या तोंडाशी नीट उंचावर आहे का ते पाहावं. ते खाली घसरलेलं असेल, तर हौद अर्धा भरताच ओल धुराच्या वाटेत येते.

व्हल्कनाइटची, म्हणजे कडक रबराची, नळी उन्हात आणि दमट हवेत हिरवट-पिवळी पडते आणि तिला रबराची चव येते. ओठांना ॲक्रिलिक कडक लागतं, पण ते रंग बदलत नाही. कोकणपट्टीत राहणाऱ्याने ॲक्रिलिक घ्यावं.

फाल्कन

फाल्कन पाहिला की तो पाइप कमी आणि सायकलचा सुटा भाग जास्त वाटतो. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या केन्ली बग याने काढलेली ही कल्पना पुढे ब्रिटनमध्ये १९५६ पासून विकली जाऊ लागली आणि तिथे भरपूर खपली. ॲल्युमिनियमची पन्हळी नळी, पुढे बशीसारखा खोलगट भाग आणि त्यावर आट्यांनी बसणारा ब्रायरचा बाउल, इतकंच. बाउलच्या बुडाला मधोमध भोक असतं. धूर सरळ खाली बशीत पडतो, गार धातूला भिडतो आणि वळून नळीत जातो.

ॲल्युमिनियम उष्णता भराभर पसरवतं. त्यामुळे ओल जमण्याचं काम इथे पीटरसनपेक्षा जास्त जोमाने होतं. बाउल संपल्यावर बशीत खरंच लहानसं डबकं दिसतं. म्हणूनच बशीत बसवायला शोषक कागदी रिंग मिळते. तीन-चार बाउलनंतर ती बदलावी. रिंग संपली असेल, तर साध्या पाइप क्लीनरचा अर्धा तुकडा गोल वाकवून बशीत ठेवावा. तो रिंगइतकंच, काही वेळा जास्तच पाणी पितो, आणि प्रत्येक बाउलला नवा घालायला परवडतो. मधलं भोक झाकलं जाणार नाही एवढीच काळजी घ्यावी.

फाल्कनचा मोठा फायदा धुराच्या गारव्यात नाही, सफाईत आहे. बाउल काढला, बशी टिश्यूने पुसली, नळीतून एक क्लीनर फिरवला, की नळी नव्यासारखी. लाकडी पाइपाला विश्रांती द्यावी लागते, फाल्कनला ती फक्त बाउलला द्यावी लागते. एक नळी आणि तीन बाउल घेतले, तर तीन पाइपांचं काम निभतं. शिवाय सुगंधी तंबाखूला एक बाउल आणि लाटाकियासारख्या धुरकट तंबाखूला दुसरा, असं वेगळंही ठेवता येतं.

आता बिघाड. आट्या हलक्या हाताने घट्ट कराव्यात. जोर लावून पिळलेला बाउल तापल्यावर फुगतो आणि आटीत अडकतो. मग तो काढायला फडकं धरून झटापट होते आणि लाकडी आटीचा टवका जातो. गरम असताना बाउल काढूच नये, दहा मिनिटं थांबावं. बारीक कातरलेली तंबाखू तळाच्या भोकातून बशीत गळते आणि रिंगवर ओला चिखल करते. यावर सोपा उपाय म्हणजे भरताना आधी दोन-तीन जाड चुरे भोकावर आडवे टाकायचे. नळीचं नायलॉनचं टोक धातूत कायमचं बसवलेलं असतं. दातांनी चावून त्याला भोक पडलं, तर अख्खी नळी टाकून द्यावी लागते. दातात पाइप धरून काम करणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून रबरी टोपी घालावी. आणि धातू गार असल्यामुळे पाइप तापला हे हाताला लवकर कळत नाही. बाउलची भिंत गालाला लावून बघावी. गालाला सहन होत नसेल, तर पाइप खाली ठेवून विझू द्यावा.

याच घराण्यातला सिएटलचा कर्स्टन पाइपही आहे. विमानशास्त्राचे प्राध्यापक फ्रेडरिक कर्स्टन यांनी तो काढला. जाड धातूची नळी, आत सळई, पुढे झडप. गारवा चोख, पण आत जमलेलं डांबर दर दोन बाउलांनी धुतलं नाही तर सळई चिकटून बसते. ज्यांना पेट्रोलवरचा स्टोव्ह उघडून साफ करायला आवडतो अशांसाठी ठीक.

नळीतले फिल्टर

इथे गोंधळ मोठा आहे, म्हणून मापं आधी. युरोपात, विशेषतः जर्मनीत, ९ मिलिमीटरचा फिल्टर चालतो. न्यूरेंबर्गच्या फाउएन कंपनीने १९३४ साली डॉ. पर्ल नावाने तो आणला. आत सक्रिय कोळशाचे दाणे असतात. ६ मिलिमीटरमध्ये कागदी फिल्टर आणि इटलीतल्या साव्हिनेल्ली कंपनीच्या बाल्सा लाकडाच्या काड्या मिळतात. कॅनडातल्या ब्रिगमची तऱ्हा निराळी, तिथे मेपल लाकडाची पोकळ कांडी नळीत बसते. ९ चा पाइप घेऊन ६ चा फिल्टर आत खुळखुळत ठेवला तर काहीच उपयोग नाही. धूर बाजूने निघून जातो आणि फिल्टरभोवती पाणी साचतं.

कोळशाच्या फिल्टरने पाणी खरंच थांबतं, घुरघुर जवळपास जाते. किंमत चवीत मोजावी लागते. व्हर्जिनियाची गोडसर कड बोथट होते आणि सुरुवातीची पाच-दहा मिनिटं धूर फिका लागतो. पण खरी भानगड पुढे आहे. दाणे ओले झाले की वाट अडते. वाट अडली की माणूस नकळत जोराने ओढतो. जोराने ओढलं की निखारा भडकतो, आणि गारव्यासाठी घातलेला फिल्टर उष्णता वाढवून बसतो. म्हणून एका बाउलला एक फिल्टर हा नियम काटकसर न करता पाळावा. ज्या फिल्टरचं एक टोक सिरॅमिकचं आणि दुसरं प्लॅस्टिकचं आहे, त्याचं सिरॅमिक टोक बाउलकडे ठेवावं. उलटं घातलं तर प्लॅस्टिक तापतं आणि चव बिघडते.

बाल्सा मात्र मनापासून आवडण्यासारखी चीज आहे. ती काडी तिकोनी असते आणि गोल भोकात बसल्यावर तिच्या तिन्ही बाजूंनी धुराला वाट उरते. त्यामुळे ओढ मोकळी राहते, चव जवळपास तशीच लागते, आणि लाकूड मात्र पाणी पिऊन फुगत जातं. वजनाला नगण्य, किमतीला हलकी. बाउल संपल्यावर काढून बघितली तर बाउलकडचं टोक गडद तपकिरी आणि ओठांकडचं टोक फिकं असावं. दोन्ही टोकं सारखीच काळी असतील, तर काडी बदलायला उशीर झाला. कोरडी तंबाखू असेल तर एक काडी दोन बाउल काढते, ओली असेल तर एकच. जड कोळशापेक्षा ही कमी थांबवते हे खरं, पण त्या बदल्यात ओढ बिघडवत नाही. उष्णतेच्या हिशेबात तेच महत्त्वाचं.

फिल्टर नकोच असेल, तर फिल्टरची पोकळी रिकामी ठेवून ओढू नये. रिकाम्या पोकळीत धूर पसरतो, गार होतो आणि तिथेच डबकं करतो, पीटरसनच्या हौदासारखं, पण त्याला खाली उतरायला विहीर नाही. अशा पाइपासोबत बहुधा एक लहान नळकांडं येतं, ते पोकळीत घालायचं. ते हरवलं म्हणून ‘हा पाइप फार ओला’ अशी तक्रार करणारे बरेच भेटतात.

आणि एक स्पष्ट सांगायला हवं. फिल्टर, हौद, धातूची नळी यांतली कुठलीही गोष्ट तंबाखूचा अपाय पुसत नाही. धूर गार झाला म्हणजे निरुपद्रवी झाला असं नव्हे. पाइपाने तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर होतो, फिल्टर असो वा नसो. इथली तुलना फक्त ओल आणि उष्णता यांची आहे.

मक्याचं बुरकुंड, समुद्रफेस आणि तुंबा

अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावात १८६९ पासून मक्याच्या बुरकुंडाचे, म्हणजे दाणे काढलेल्या कणसाचे, पाइप बनत आले आहेत. मिझुरी मीरशम कंपनी आजही ते बनवते. हा सगळ्यांत स्वस्त आणि दिसायला सगळ्यांत गावंढळ. पण बुरकुंड स्वतःच सच्छिद्र असल्यामुळे ओल भिंतीत जिरते, आणि हे काम ते महागड्या ब्रायरपेक्षा बरं करतं. पहिल्या तीन-चार बाउलांना भाजक्या कणसाचा वास येतो, शिवाय लाकडी दांडीचं टोक बाउलच्या आत थोडं डोकावतं आणि ते जळून समपातळीत येईपर्यंत चव लागते. भराभर ओढलं तर भिंत जळून आरपार भोक पडतं. मंद ओढता येतं की नाही, याची परीक्षा घ्यायला यापेक्षा स्वस्त मास्तर नाही.

मीरशम, म्हणजे समुद्रफेस, हा तुर्कस्तानातल्या एस्कीशेहीरच्या खाणींतला पांढरा, हलका, स्पंजासारखा दगड. ओल पितो, तापत कमी, ब्रायरसारखा आत काजळीचा थर बसवावा लागत नाही, किंबहुना बसू देऊ नये. पडला की फुटतो. कॅलबॅश नावाच्या पाइपात मीरशमची वाटी भोपळ्याच्या वाळवलेल्या तुंब्यावर बसते आणि खालच्या पोकळीत धूर निवतो. आपल्याकडे वीणेला आणि एकतारीला जो तुंबा लागतो, त्याच जातीचा हा भोपळा. वाटी उचलली की आत बोट घालून पुसता येतं, म्हणून सफाई पीटरसनपेक्षाही सोपी. खिशात मावत नाही आणि घराबाहेर नेण्याचा नाही.

तळातले खडे

बाउलच्या तळाला टाकायचे सच्छिद्र दाणेही विकले जातात. चिलीम ओढणाऱ्यांना यात नवं काही वाटणार नाही. तिथे खडा असतोच, पण तो तंबाखू आणि निखारा वर अडवायला, आणि गारव्यासाठी खाली ओल्या फडक्याची छापी. पाइपातले हे दाणे मात्र पाणी शोषायला असतात. तळाला अर्धा सेंटिमीटर थर पुरतो. दाणे धुराच्या भोकापेक्षा मोठे हवेत. भोक साधारण साडेतीन ते चार मिलिमीटरचं असतं, आणि त्याहून बारीक दाणा आत गेला की मान बुजते. फायदा खरा आहे: तळातला ओला गाळ उरत नाही आणि शेवटचा भाग कोरडा जळतो. तोटा असा की बाउलच्या तळाशी काजळीचा थर कधीच बसत नाही, त्यामुळे नव्या ब्रायरमध्ये हे वापरू नयेत. आधी वीसेक बाउल नुसते ओढावेत. घरचे प्रयोग म्हणून औषधाच्या बाटलीतल्या सिलिका जेलच्या पुड्या फोडून कोणी घालत असेल तर थांबावं. निळ्या रंगाच्या दाण्यांत विषारी कोबाल्ट क्लोराइड असतं.

पैसे न घालता

वरच्या कुठल्याही वस्तूवर पैसे घालण्याआधी हे करून बघावं, कारण अर्धी तक्रार इथेच मिटते.

तंबाखू सुकवणं. कागदावर पातळ पसरावी. चिमटीत दाबून सोडल्यावर गोळा न राहता मोकळी व्हायला हवी, पण कुरकुरता कामा नये. नागपूरच्या एप्रिलमध्ये यासाठी दहा मिनिटं जास्तच होतात. मुंबई-रत्नागिरीत श्रावणात दोन तास पसरून ठेवली तरी ती सुकत नाही, उलट ओल पिते. तिथे पसरलेली तंबाखू टेबललॅम्पच्या पिवळ्या बल्बखाली हातभर अंतरावर पंधरा-वीस मिनिटं ठेवावी, किंवा वातानुकूलित खोलीत. मायक्रोवेव्ह नको, वास उडून जातो. थराथरांच्या वड्या असतात ती फ्लेक तंबाखू आधी चोळून मोकळी केली तरच सुकते. सुगंधी तंबाखूत प्रोपिलीन ग्लायकोल असतं, ती कितीही ठेवली तरी मऊच राहते. तिच्याशी भांडू नये, कमी भरावी आणि सावकाश ओढावी.

हिशेब केला तर १८ वरून १२ टक्क्यांवर आणल्याने अडीच ग्रॅममागे तीन-चार थेंबच वाचतात. मग एवढा खटाटोप का? ओल्या तंबाखूत निखारा टिकत नाही म्हणून. टिकत नाही म्हणून माणूस पुन्हा पुन्हा पेटवतो आणि फुंकणी ओढल्यासारखा ओढतो, आणि जीभ पोळते ती त्याने.

भरताना तीन हप्ते: पहिला नुसता टाकलेला, दुसरा हलक्या बोटाने दाबलेला, तिसरा जरा घट्ट. भरून झाल्यावर न पेटवता ओढून पाहावं. शहाळ्यात घातलेल्या नळीतून पाणी ओढताना जेवढी ओढ लागते, तेवढीच लागावी. जास्त लागली तर सगळं काढून परत भरावं, वरून टोचून काही होत नाही. पहिल्यांदा पेटवल्यावर वरचा थर फुगतो. तो टँपरने, म्हणजे तंबाखू दाबायच्या दांडीने, अलगद दाबावा आणि परत पेटवावं. टँपरचं नुसतं वजन पुरतं, जोर लावला की खालची वाट बंद होते.

लाळेबद्दल कोणी बोलत नाही, पण बरीच ‘ओल’ तीच असते. घुरघुर सुरू झाल्यावर पाइप क्लीनर सरळ घालून काढावा. ओठांकडचा भाग ओला आणि पांढराच असेल तर ती लाळ. पाइप दातांत धरून ठेवायची सवय सोडणं हा तिचा इलाज, फिल्टर नव्हे. मानेकडचा भाग तपकिरी असेल तर ते धुराचं पाणी.

पाइप निवडताना क्लीनर नळीतून घालून बघावा. तो न अडखळता बाउलच्या तळापर्यंत पोचला तर आतली वाट सरळ आहे. सिस्टीम आणि फाल्कन याला अपवाद. मधे अडकला, तर बहुधा नळीची खुंटी आणि मानेतलं भोक यांत फट आहे किंवा भोकं एका रेषेत नाहीत. त्या फटीत पाणी साचणारच, मग पाइपावर नाव कोणाचंही असो. बाउलच्या आतला काजळीचा थर एक ते दीड मिलिमीटर ठेवावा, रुपयाच्या नाण्याच्या जाडीइतका. त्याहून वाढला तर तापून लाकडाला तडा देतो.

कोणी काय घ्यावं

नुकतंच सुरू केलेल्याने आधी मक्याचा पाइप आणि सुकी तंबाखू घ्यावी. तिथे जीभ पोळत असेल तर दोष हाताचा आहे आणि महागडं काही घेऊन तो जाणार नाही. जीभ मुळातच नाजूक असेल तर पी-लिपची पीटरसन सिस्टीम. दिवसाला एकापेक्षा जास्त बाउल ओढणारा, पाइप वाळत ठेवायला जागा आणि सबूर नसणारा फाल्कन घेईल आणि दोन जादा बाउल घेईल. घरात आधीच ६ मिलिमीटरचा पाइप असेल तर नवा काही न घेता बाल्साचं खोकं मागवावं, या यादीत सगळ्यांत कमी पैशांत सगळ्यांत जास्त फरक तेच पाडतं. कोळशाचा ९ मिलिमीटर फक्त त्याच्यासाठी, जो सुगंधी ओली तंबाखूच ओढणार आहे आणि चव थोडी गेली तरी चालेल म्हणतो.

पावसाळ्यात कोणताही लाकडी पाइप एकदा ओढल्यावर दोन दिवस सोडावा, एरवी एक दिवस पुरतो. सिस्टीमचा हौद न पुसता जून ते सप्टेंबर कपाटात ठेवला तर त्यात बुरशी धरते, आणि ती काढायला रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये भिजवलेल्या वातीने दोन-तीनदा पुसावं लागतं. मीरशमला स्पिरिट लावू नये.

रात्रभर नळीत ठेवायचे क्लीनर कापसाचे हवेत. शाळेच्या प्रकल्पासाठी स्टेशनरीत मिळणारे रंगीबेरंगी केसाळ तारांचे तुकडे दिसायला तसेच असतात, पण ते पॉलिस्टरचे. पाणी पीत नाहीत, आणि गरम मानेत घातले तर वितळून चिकटतात.